लहान मोटार आणि तिची राखण

इतिहासावर कोणी बोलूं लागला म्हणजे गड, लढाया आणि तहनामे यांची अपेक्षा धरली जाते. माझा आजचा विषय त्या मानानें अगदींच लहान आहे. बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांत गेल्या चाळीस वर्षांत मध्यम स्थितीच्या कुटुंबांत लहान चारचाकी मोटार कशी आली, आणि ती चालती ठेवण्यासाठीं त्या कुटुंबांस काय काय शिकावें लागलें, याविषयीं मी चार शब्द बोलणार आहें. मी इतिहासाचा पंडित नव्हें. मॅट्रिक होऊन प्राथमिक शाळेंत शिक्षक झालों, इंदापूर तालुक्यांतील निरनिराळ्या गांवीं मुलांना भूगोल व गणित शिकविलें, आणि आतां बारामतींत निवृत्तीचे दिवस काढीत आहें. परंतु एक लहान मोटार मीं जवळजवळ पंचवीस वर्षें वापरली आहे, आणि तिनें मला जो इतिहास शिकविला तो शाळेच्या पुस्तकांत मला सांपडला नव्हता.

कोणतीही वस्तु घरीं येते तो एक दिवस असतो. ती राखावी लागते तीं वर्षें असतात. त्या एका दिवशीं नारळ फुटतो, पेढे वांटले जातात, छायाचित्र निघतें आणि तारीख नमूद होते. पुढल्या वर्षांची नोंद सहसा कोणी ठेवीत नाहीं. वास्तविक त्या वस्तूपासून सुख झालें कीं दुःख झालें, हें त्या पुढल्या वर्षांवरच ठरतें. ही गोष्ट मोटारीला लागू आहे तशीच कालव्यालाही लागू आहे. म्हणून मी आरंभ कालव्यापासूनच करतों. मोटारीच्या गोष्टींत कालव्याचें काय काम, असें आपणांस वाटेल. पण आमच्या कालव्याच्या मुलखांतील पाण्यानें माझी मोटार एकदां भर रात्रीं बंद पाडली, आणि त्या रात्रीं मागल्या आसनावर माझे वडील होते. तो प्रसंग पुढें येईल.

भीमा आणि नीरा या नद्यांमधला आमचा मुलूख मूळचा अवर्षणाचा. सन १८७६-७७ च्या दुष्काळानें दख्खनची दैना केली, आणि त्यानंतरच्या वर्षांत जीं पाटबंधाऱ्यांचीं कामें झालीं त्यांपैकीं नीरेचा डावा कालवा हें एक मोठें काम. १८८५ च्या सुमारास त्याचें पाणी बारामतीच्या बाजूस वाहूं लागलें. पाणी आलें, त्यामागोमाग ऊंस आला, गुऱ्हाळें आलीं, पैसा आला. परंतु जमिनीला पाणी देण्याची जेवढी चिंता वाहिली गेली, तेवढी तें काढून लावण्याची वाहिली गेली नाहीं. मुरलेलें पाणी जमिनीच्या पोटांतून हळूहळू वर चढलें, त्याबरोबर क्षार वर आले, आणि पंचवीस वर्षांच्या आंत चांगल्या काळ्या जमिनींवर पांढरें मीठ फुललें. १९१० सालीं पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनीं नीरा खोऱ्यांतील या खारवट जमिनींवर एक पुस्तिकाच प्रसिद्ध केली. पुढें चर खणून पाण्याला वाट करून देण्याचे उपाय सुरू झाले. तथापि खारवट पट्टे आणि मचूळ पाण्याच्या विहिरी आमच्याकडे अद्यापि आहेत. कालवा आणण्यांत आमची चूक झाली नाहीं. तो राखण्यांत झाली.

त्याच कालव्याच्या मुलखांत, इंदापूर तालुक्यांतील कळंब गांवाजवळ, १९३० नंतरच्या दशकांत सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनीं उंसाचा विस्तीर्ण मळा आणि साखरेचा कारखाना उभा केला. आजचें वालचंदनगर तें हेंच. आमच्या तालुक्यांत साखर करणाऱ्या याच गृहस्थांनीं हिंदुस्थानांत मोटारी करण्याचा ध्यास घेतला होता, ही गोष्ट आतां आमच्या मुलांना मुद्दाम सांगावी लागते. १९३९ सालीं ते अमेरिकेस गेले, आणि पुढें तेथील क्रायस्लर कंपनीशीं त्यांचा करार झाला. महायुद्धाच्या काळांत इंग्रज सरकारनें मोटारीच्या कल्पनेस उत्तेजन दिलें नाहीं. त्याच धामधुमींत वालचंदशेठनीं बंगळूर येथें विमानांचा आणि विशाखापट्टण येथें जहाजांचा उद्योग सुरू केला, आणि १९४४ सालीं मोटारींसाठीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. १९४७ मध्यें मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांतून तिच्या पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. १९५३ सालीं वालचंदशेठ वारले. इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्यानें अकराशें सी. सी.ची जी मोटार कुर्ल्यास होऊं लागली, तिचा खरा जम त्यांच्या पश्चात् बसला. हीच गाडी पुढें 'पद्मिनी' या नांवानें सन २००० च्या सुमारापर्यंत निघत होती.

ती गाडी आमच्या घरांत मात्र येऊं शकली नाहीं. माझ्या लहानपणीं, म्हणजे १९६५-६६ च्या सुमारास, इंदापुरांत एका डॉक्टरांची फियाट होती. हिंवाळ्यांत सकाळीं ती सुरू होत नसे, आणि मग ढकलण्यासाठीं आम्ही मुलें धांवत असूं. मोबदला म्हणून वेशीपर्यंत आंत बसावयास मिळे. डॉक्टरांनीं तिच्यासाठीं पगारी ड्रायव्हर ठेवला होता. एखादा भाग मोडला तर तो ड्रायव्हर एस्. टी.नें पुण्यास जाई आणि पिशवींत नवा भाग घेऊन दुसऱ्या दिवशीं परत येई. तोंवर डॉक्टर सायकलवरून रोगी पाहात. गाडी मिळणेंही सोपें नव्हतें. किती मोटारी काढावयाच्या हें सरकारच्या परवान्यावर अवलंबून असे, आणि नांव नोंदवून कित्येक वर्षें वाट पाहावी लागे. मोटार बाळगणें म्हणजे एक माणूस आणि एक पागा बाळगणें असा तो व्यवहार होता. शिक्षकाच्या पगारांत तो बसणारा नव्हता.

मोटारीच्या आधीं रस्ता लागतो. आमच्या भागांतील कित्येक रस्त्यांची खडी १९७२ च्या दुष्काळांत फोडली गेली. पाऊस गेला, विहिरी आटल्या, आणि सरकारनें दुष्काळी कामें काढलीं. त्या वर्षीं माझी आई खडी फोडावयास जात होती. मी तेरा वर्षांचा होतों आणि शाळा सुटल्यावर तिची पाटी उचलावयास जाई. संध्याकाळीं तिच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या असत. ज्या रस्त्यावर ती बसली होती त्याच रस्त्यानें पुढें मी तिला माझ्या मोटारींतून नेलें. ती खिडकींतून खालीं पाहात होती. बोलली कांहीं नाहीं.

आतां लहान मोटारीकडे वळूं. ही कल्पना मूळची टंचाईंतून निघाली आहे. १९५६ च्या सुवेझच्या पेचप्रसंगानें इंग्लंडांत पेट्रोलची वाण पडली, त्यानंतर १९५९ सालीं तेथें 'मिनी' ही गाडी निघाली. तिच्या रचनाकारानें इंजिन आडवें बसवून पुढल्याच चाकांना जोर दिला, आणि त्यामुळें वांचलेली जागा माणसांस दिली. १९६१ सालीं फ्रान्समधील रेनॉ कंपनीनें अशाच पुढल्या चाकांच्या लहान गाडीला पाठीमागें वर उचलणारें दार लावलें. ज्या ठेवणीला आपण 'हॅचबॅक' म्हणतों ती पुढें अशाच गाड्यांनीं रूढ केली. जपानांतही महायुद्धानंतर रस्ते अरुंद आणि पैसा थोडा होता. म्हणून सरकारनें अगदीं लहान इंजिनाच्या मोटारींचा एक निराळा वर्ग ठरवून त्यांस सवलती दिल्या. सुझुकी ही पूर्वीं कापडाचे माग तयार करणारी कंपनी. तिनें १९५५ सालीं त्या वर्गांतली आपली पहिली मोटार केली. म्हणजे ही वस्तु श्रीमंतांच्या गाडीची आखूड आवृत्ति नव्हे. थोड्यांत भागवावें लागणाऱ्या लोकांनीं आपल्या गरजेला धरून ती घडविली होती. म्हणूनच ती आमच्या मुलखांस मानवली.

हिंदुस्थानांत १९७१ सालीं मारुति नांवाची एक कंपनी निघाली होती, पण तिच्याकडून लोकांची मोटार झाली नाहीं. १९८१ सालीं सरकारनें मारुति उद्योग ही कंपनी स्थापन केली, १९८२ च्या ऑक्टोबरांत तिचा सुझुकीशीं करार झाला, आणि १४ डिसेंबर १९८३ रोजीं पंतप्रधान इंदिरा गांधी यांनीं पहिल्या गाडीच्या किल्ल्या दिल्लीचे हरपाल सिंग यांच्या हातीं दिल्या. किंमत पन्नास हजार रुपयांच्या आसपास होती. इंजिन तीन सिलिंडरांचें, ७९६ सी. सी.चें, चाकें बारा इंचांचीं, सारी गाडी साडेसहाशें किलोच्या आंतबाहेर. वजन इतकें कमी कीं चिखलांत रुतली तर चार माणसें तिला ढकलून बाहेर काढीत.

तिच्या यशाचें कारण किंमत, असें बहुधा सांगितलें जातें. माझ्या मतें तें अर्धेंच कारण आहे. १९८६ सालीं तिचें रूप पालटलें खरें. पण त्यानंतर जवळजवळ चौदा वर्षें तिच्या इंजिनांत मोठा बदल असा झाला नाहीं. तीच गाडी लाखांनीं निघाली, आणि म्हणून तिचें ज्ञान गांवोगांव पोंचलें. बारामतींत आमच्या आळीजवळ एक मेस्त्री होते. ते मूळचे विहिरीवरचीं ऑईल इंजिनें दुरुस्त करणारे. विजेचे पंप आले तेव्हां त्यांचें काम कमी झालें; मग ते मोटारसायकलींकडे आणि तेथून या लहान मोटारींकडे वळले. एका गाडीवर शिकलेलें दुसऱ्या शंभर गाड्यांवर उपयोगी पडत होतें. सुटे भाग भिगवण रस्त्यावरच्या दुकानांत टांगलेले असत. आतां पुण्यास माणूस पाठविण्याचें कारण उरलें नाहीं, आणि ड्रायव्हर ठेवण्याचेंही उरलें नाहीं. राखणें सोपें झालें, तेव्हां शिक्षकानें गाडी घेण्याचा विचार केला.

मीं २००१ सालीं घेतली. १९९६ सालची, पांढरी, बदली झालेल्या एका अधिकाऱ्याची गाडी. किंमत एक लाख दहा हजार. पैकीं साठ हजार शिक्षकांच्या पतसंस्थेचें कर्ज. नंबर अर्थात् पुण्याचा, बाराचा. बारामतीला ४२ हा स्वतःचा आंकडा पुढें मिळाला. घरीं आणली त्या दिवशीं पत्नीनें ओवाळलें, शेजाऱ्यांना पेढे दिले, आणि सारीं मुलें तिच्यांत बसून गांवाबाहेर जाऊन आलीं. मागलें दार उघडून आसन दुमडलें कीं ज्वारीचें पोतें आडवें बसे, हें पाहून माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असूं, फार खूष झाले. निमगांव केतकीजवळच्या आमच्या शेतांतून ज्वारी, शेवगा, मिरचीचीं रोपें, एकदां तर आजारी शेळीही त्या मागल्या दारानें आंत गेली.

पण गाडी राखणें म्हणजे काय, हें मला ठाऊक नव्हतें. मी ती दर रविवारीं धुवीत असें, पुसून लख्ख ठेवीत असें, आणि तेवढ्यानें माझें कर्तव्य झालें असें मानीत असें. तेलाची कांडी बाहेर काढून पाहावी हें मला कोणीं सांगितलें नाहीं आणि मीं विचारलें नाहीं. रेडिएटरचें पाणी कमी झालें कीं विहिरीची कळशी आणून ओतीत असें. पाणी तें पाणी, अशी माझी समजूत. मुलांना खारवट जमिनीचा धडा शिकविणारा मी. परंतु तेंच मचूळ पाणी माझ्या इंजिनांत काय करील, हा विचार माझ्या मनांत आला नाहीं.

२००४ सालच्या मे महिन्यांत, रात्रीं दोनच्या सुमारास, गांवीं आबांच्या छातींत कळा येऊं लागल्या. घामानें अंगरखा भिजला. मीं त्यांना मागल्या आसनावर निजविलें, आईला त्यांच्या उशाशीं बसविलें आणि बारामतीची वाट धरली. अंथुर्णें गेलें, जंक्शन गेलें, लासुर्णें गेलें. मी जोरानें हांकीत होतों आणि समोरच्या कांट्याकडे पाहात नव्हतों. पाहिलें तेव्हां तो तांबड्या रेषेला टेकला होता. बेलवाडीच्या माळाजवळ पुढून वाफेचा लोट आला आणि इंजिन थांबलें. ज्या माळावर आषाढवारीच्या वाटेवर तुकोबांच्या पालखीचें गोल रिंगण होतें, तो माळ त्या रात्रीं रिकामा होता. मीं घाईनें रेडिएटरचें झांकण फिरविलें. उकळतें पाणी उसळून तळहात भाजला. आंतून आबांचा आवाज आला, "बाळ, घाई करू नको. निवू दे तिला." त्यांनीं जन्मभर बैल हांकले होते, दमलेल्या जनावराला मारूं नये, हें त्यांना ठाऊक होतें.

गाडी निवाली, पण पुन्हां चालू झाली नाहीं. पहांटे दुधाचा एक टेंपो आला. त्यानें कॅन बाजूला सारून आबांना जागा दिली. दीड तास गेला होता. आबा वांचले, परंतु डॉक्टरांनीं मला बाजूला घेऊन सांगितलें कीं, लौकर आणतां तर हृदयाचें इतकें नुकसान होतें ना. त्यानंतर ते सहा वर्षें जगले, पण शेताच्या बांधापलीकडे पायीं कधीं गेले नाहींत. त्यांनीं मला कधीं बोल लावला नाहीं. तो मी स्वतःला लावीत आलों आहें.

चार दिवसांनीं मेस्त्रींनीं गाडी उघडली. रेडिएटरच्या बारीक नळ्यांत पांढरा, दगडासारखा थर बसला होता. इंजिनाचें ॲल्युमिनियमचें हेड उष्णतेनें वांकलें होतें. त्यांनीं तो थर पान्याच्या टोंकानें खरवडून माझ्या पट्टी बांधलेल्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "गुरुजी, इंजिनाला बी आपल्यावाणीच पाणी लागतं. पर आपल्या हिरीचं पाणी त्याला चालत न्हाई." तें पांढरें मीठ मीं ओळखलें. १९१० च्या पुस्तिकेंत ज्याची चर्चा झाली, आणि वर्गांतल्या मुलांना मीं जें वहींत लिहावयास सांगितलें, त्याच जातीचें तें होतें. कालवा आणून त्याची वाट न राखणाऱ्यांना मी दोष देत असें; मी स्वतः तेंच केलें होतें.

त्या दिवशीं मीं एक वही घातली. आजतागायत ती चालू आहे, आणि तिच्यांतला तपशील थोडक्यांत सांगतों, कारण तो कोणाच्याही उपयोगी पडेल. इंजिनाचें तेल पांच हजार किलोमीटरांस बदलणें; मधल्या काळांत दर रविवारीं, गाडी सपाट जागीं उभी करून, थंड असतांना, कांडी पुसून तेल पाहणें. रेडिएटरमध्यें विहिरीचें अथवा बोअरचें पाणी कधींही न घालणें. शुद्ध पाण्यांत मिसळलेलें कूलंट घालणें आणि तें दोन वर्षांनीं काढून टाकणें. गरम इंजिनाचें झांकण न उघडणें. हवेची गाळणी ऊंसतोडीच्या दिवसांत दुप्पट वेळां झटकणें, कारण त्या दिवसांत रस्त्यावर पाचटाचा भुसा आणि धूळ यांचा धूर असतो. इंजिनांतला दांत्यांचा पट्टा तुटण्याची वाट न पाहतां मुदतींत बदलणें. आणि तोडणी झाली कीं शेतांतले उंदीर घराकडे वळतात व गाडीच्या तारा कुरतडतात, म्हणून टोपणाखालीं तंबाखूचीं पानें ठेवणें; हा उपाय मेस्त्रींचा आहे, आणि मला त्याचा गुण आला. चोवीस वर्षांत या गाडीच्या दुरुस्तीवर, पेट्रोल सोडून, माझे सव्वातीन लाख रुपये गेले, म्हणजे किंमतीच्या तिप्पट. घेतांना हें कोणी सांगत नाहीं. मात्र त्या रात्रीनंतर ती वाटेंत एकदांही उभी राहिली नाहीं.

आमच्या जिल्ह्यांतही या काळांत बरेंच घडलें. १९९८ च्या डिसेंबरांत टाटांची 'इंडिका' पिंपरीच्या कारखान्यांतून निघाली. तिच्यासाठीं ऑस्ट्रेलियांतील निसान कंपनीच्या बंद झालेल्या कारखान्याचीं यंत्रें सोडवून पुण्यास आणलीं होतीं. पहिल्या गाड्यांविषयीं तक्रारी आल्या. कंपनीनें त्या ऐकून २००१ सालीं सुधारलेली गाडी काढली, आणि तीच लोकांनीं उचलली. त्याच सुमारास बारामतीच्या औद्योगिक वसाहतींत पियाज्जो या इटालियन कंपनीच्या तीनचाकी गाड्या होऊं लागल्या. पाटी उचलणाऱ्यांचीं मुलें तेथें पाने उचलूं लागलीं. २००८ सालीं एक लाखाची 'नॅनो' जाहीर झाली तेव्हां वाटलें, आतां प्रत्येक दारीं मोटार येणार. तसें झालें नाहीं. केवळ स्वस्तपणासाठीं मोटार घ्यावी असें लोकांस वाटलें नाहीं. आणि दहा वर्षांत ती बंद पडली. माझी गाडी ज्या जातीची, तिचें उत्पादनही २०१४ च्या जानेवारींत थांबलें.

आतां माझ्यापुढें एक प्रश्न आहे, आणि तो आपणांपैकीं पुष्कळांपुढें असेल. खाजगी गाडीची नोंद पंधरा वर्षें चालते, पुढें दर पांच वर्षांनीं ती नवी करून घ्यावी लागते. माझ्या गाडीची मुदत २०२६ सालीं संपते. पूर्वीं या कामाचें शुल्क सहाशें रुपये होतें. १ एप्रिल २०२२ पासून तें पांच हजार झालें, आणि २०२५ च्या ऑगस्टापासून वीस वर्षांवरील मोटारीस दहा हजार. शिवाय कार्बोरेटर जुळविणारे हात कमी होत चालले आहेत. आमचे मेस्त्री थकले. त्यांचा मुलगा संगणक लावून नव्या गाड्या तपासतो, आणि माझी गाडी पाहून हंसतो, पण वडिलांना हांक मारतो. एक गंमतीचा योग असा कीं, ज्या उंसानें आमच्या मुलखांत पैसा आणि मीठ दोन्ही आणलीं, त्याच उंसाचा मद्यार्क आतां पेट्रोलमध्यें मिसळतात. २०२५ सालीं देशांत हें प्रमाण शेंकडा वीसपर्यंत पोंचलें. बाहेरून आणावयाचें तेल त्यानें वांचतें आणि शेतकऱ्याच्या उंसाला गिऱ्हाईक मिळतें, हें खरें. पण मद्यार्कांत पेट्रोलपेक्षां उष्णता कमी, तो पाणी ओढून घेतो, आणि माझ्या गाडीचे रबरी नळ त्याच्यासाठीं केलेले नाहींत. ते मीं गेल्या वर्षीं बदलून घेतले. वहींत तशी नोंद आहे.

पुण्यास असलेला माझा मुलगा म्हणतो, "बाबा, आतां ती काढून टाका." त्याचें म्हणणें अडाणीपणाचें नाहीं. नव्या गाडींत आघाताच्या वेळीं फुगणाऱ्या हवेच्या पिशव्या असतात. माझ्या गाडींत त्या नाहींत. नव्या गाडीचा धूर माझ्या गाडीपेक्षां पुष्कळ निर्मळ असतो. पाटसहून बारामती-इंदापुराकडे जाणारा पालखी मार्ग आतां रुंद झाला आहे, आणि त्यावरून धांवणाऱ्या वाहनांच्या वेगापुढें माझी गाडी खेळण्यासारखी दिसते. उलट पक्षीं, चालणारी वस्तु मोडींत घालणें माझ्या हाताला जड जातें. या दोहोंमध्यें मीं मनाशीं एक नियम ठरविला आहे. नोंदीच्या आधीं मेस्त्रींच्या मुलाकडूनच तिची तपासणी करून घ्यावयाची. ब्रेक, पत्रा आणि धूर या तिन्हींत ती उतरली तर दहा हजार भरावयाचे, आणि ती गांवांतल्या कामापुरती ठेवावयाची. एकांतही नापास झाली तर सरकारमान्य मोडकेंद्रांत देऊन यावयाचें, आणि त्यांत कसूर करावयाची नाहीं. राखणें याचा अर्थ हट्टानें धरून ठेवणें असा मी करीत नाहीं. मात्र रात्रीं आजारी माणसाला घेऊन जावयाचें झालें, तर तिच्यावर भिस्त ठेवावयाची नाहीं, हें आम्ही आतांच ठरविलें आहे.

श्रोते हो, माझी वेळ संपत आली. आपल्यापैकीं कोणी या वर्षीं मोटार घेणार असाल, तर किंमत विचारतांना आणखी दोन गोष्टी विचारा: हिला राखणारा माणूस आपल्या गांवांत कोण आहे, आणि आपण स्वतः तिच्यासाठीं दर रविवारीं किती वेळ काढणार आहोंत. गाडी ज्या दिवशीं घरीं येईल त्याच दिवशीं एक वही घाला. आमच्या मुलखानें कालवा आणला, कारखाना आणला, रस्ता आणला, मोटार आणली. यांतलें कोणतेंही आणण्यांत आम्ही मागें पडलों नाहीं. राखण्याचा इतिहास मात्र अशा वह्यांतच लिहिला जातो. माझी वही मीं नातवाला वाचावयास दिली आहे. २००४ च्या मे महिन्याचें पान कोरें कां, असें त्यानें मला परवां विचारलें. आज मीं आपणांस जें सांगितलें, तेंच त्याला सांगितलें.